पतंग, ससा आणि फवारणी करणारा माणूस

डिसेंबर-जानेवारीत दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट या पट्ट्यात रात्री हरभऱ्याच्या धुऱ्यावर बॅटरी घेऊन उभे राहा. पूर्णेच्या खोऱ्यातली ही खारपाणपट्ट्याची काळी जमीन. विहिरीचे पाणी खारे, त्यामुळे जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावरच हरभरा पिकवायचा. अशा शेतात रात्री दोन पाहुणे हमखास येतात. एक ससा. बॅटरीच्या झोतात त्याचे डोळे चमकतात, कान ताठ होतात आणि दुसऱ्या क्षणी तो तुरीच्या ओळीत दिसेनासा होतो. दुसरा पाहुणा बॅटरीच्या काचेवरच येऊन आपटतो. गवती-पिवळसर रंगाचा, नखाएवढा पतंग. त्याच्या पुढच्या पंखावर एक गडद डाग असतो. कीटकशास्त्रज्ञ त्या डागाला मूत्रपिंडाच्या आकाराचा म्हणतात, आणि हे वर्णन आम्हा डॉक्टरांना लगेच पटते.

ससा म्हणजे काळ्या मानेचा भारतीय रानससा, शास्त्रीय नाव लेपस नायग्रिकोलिस. पतंग म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. हे नाव कोणी ऐकले नसेल, पण त्याची पोरे वऱ्हाडात प्रत्येकाला ठाऊक आहेत. हरभऱ्यावर तिला घाटे अळी म्हणतात, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी, कपाशीवर हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी, टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी. नावे चार, अळी एकच. भारतात ती १८० हून अधिक वनस्पतींवर जगते.

डॉक्टरने अळी आणि सशाच्या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारेल. कारण त्याच शेतात तिसराही एक जीव असतो, पाठीवर पंप घेतलेला. तो आमच्या वॉर्डात येतो. त्याला काय होते हे समजून घ्यायला या दोघांची तुलना फार उपयोगी पडते.

आधी साम्य पाहू. दोघेही शाकाहारी, दोघेही निशाचर आणि दोघेही दुसऱ्याचे भक्ष्य. सशावर कोल्हा, रानमांजर, गरुड यांची नजर. पतंगावर वटवाघळांची. दोघांनाही पळून जगायचे आहे आणि पळण्याआधी ऐकायचे आहे.

सशाचे कान सगळ्यांना दिसतात. पतंगालाही कान असतात हे मात्र फार जणांना माहीत नसते. ते डोक्यावर नसून छातीच्या मागच्या भागात, कमरेजवळ असतात. पातळ पडदा आणि त्याला जोडलेल्या ऐकणाऱ्या चेतापेशी. किती? एका कानात फक्त दोन! आपल्या एका कानाच्या शंखात अशा कामाच्या केसपेशी साधारण पंधरा हजार असतात, तरी साठीनंतर आपण ‘अं? काय म्हणालात?’ करतो. पतंगाचे दोन पेशींवर भागते, कारण त्याला गाणे ऐकायचे नाही. त्याला एकच आवाज ओळखायचा आहे, वटवाघळाचा. तो आवाज आपल्या ऐकण्याच्या पलीकडचा, सेकंदाला वीस हजार कंपनांच्या वरचा असतो. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात केनेथ रोडर यांनी १९५० आणि ६० च्या दशकांत या वर्गातल्या पतंगांच्या दोन पेशींचे काम उलगडून दाखवले. एक पेशी हळू आवाजाला उठते, म्हणजे शत्रू लांब आहे. तेव्हा पतंग तोंड फिरवून दूर जातो. दुसरी फक्त मोठ्या आवाजाला उठते, म्हणजे शत्रू अंगावर आला आहे. तेव्हा पतंग वेड्यावाकड्या गिरक्या घेत जमिनीकडे कोसळतो.

ससाही तसाच वागतो. धोका लांब असला की तो गवताच्या बुडातल्या अंगाएवढ्या खळग्यात चिकटून बसतो, हलत नाही. अगदी जवळ आला की नागमोडी धूम ठोकतो. यावरून आपण त्याला भित्रा ठरवले आणि ‘सशाचे काळीज’ ही शिवी केली. हृदयाचे वजन केले तर ती शिवी टिकत नाही. माणसाचे हृदय शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का असते. युरोपातल्या तपकिरी रानसशाचे, जो आपल्या सशाच्याच लेपस कुळातला आहे, ते एक टक्क्याच्या वर जाते. बिळात राहणाऱ्या पाळीव सशाचे मात्र जेमतेम पाव ते अर्धा टक्का. रानससा बीळ खणत नाही. धावणे हेच त्याचे घर आणि त्यासाठी मोठा पंप हवा. मोठे काळीज म्हणावे ते यालाच.

आता दोघांच्या पोटाकडे वळू, कारण खरी गोष्ट तिथे सुरू होते.

अळीच्या मधल्या आतड्यातला रस कमालीचा अल्कधर्मी, जवळजवळ धुण्याच्या सोड्यासारखा असतो. सशाच्या जठरात आपल्यासारखेच जहाल आम्ल असते. पाने पचवण्यासाठी सशाने आणखी एक युक्ती केली आहे. आंधळ्या आतड्यात जिवाणूंकडून पाला आंबवून घ्यायचा, त्याच्या मऊ गोळ्या बाहेर टाकायच्या आणि त्या लगेच परत खायच्या. ऐकायला किळसवाणे वाटते, पण त्यातून त्याला जीवनसत्त्वे आणि प्रथिने मिळतात. गाय रवंथ करते, ससा हे करतो.

सोडा आणि आम्ल यांतल्या या फरकावर २००२ साली भारतात मान्यता मिळालेला बीटी कापूस उभा आहे. बीटी जिवाणूचे प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळते, तिथल्या ठरावीक ग्राहीला चिकटते आणि आतड्याला भोके पाडते. सशाच्या जठरात ते आम्लात मोडते, आणि पुढे गेलेच तर त्याला चिकटायला जागा नसते. म्हणून त्याच कपाशीचा पाला अळीने खाल्ला तर ती मरते आणि सशाने खाल्ला तर तो पुढच्या ओळीत जातो. हिरव्या बोंडअळीचा कपाशीवरचा जोर त्यानंतर खरोखरच कमी झाला. पण हरभरा आणि तूर बीटी नाहीत. पतंग तिथे राहिला. कपाशीवर तिची जागा पुढे गुलाबी बोंडअळीने घेतली. ती वेगळी जात आहे, बीटीला सरावलेली, आणि २०१७ साली तिने महाराष्ट्रातील कापसाचे काय केले ते इथे कोणाला सांगायला नको.

म्हणजे पुन्हा फवारणी आली.

फवाऱ्यातली जुनी आणि अजूनही वापरात असलेली मोठी फळी म्हणजे ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट, मोनोक्रोटोफॉस ही त्यातली ओळखीची नावे. ही विषे पोटाकडे जात नाहीत, चेतासंस्थेवर जातात. आणि चेतासंस्थेच्या ज्या पायरीवर ती घाव घालतात तिथे पतंग, ससा आणि माणूस यांच्यात फारसा फरक नाही.

एका चेतापेशीने दुसरीला निरोप द्यायचा तर मध्ये ॲसिटाइलकोलीन नावाचे रसायन सोडले जाते. निरोप पोचला की ते ताबडतोब पुसले गेले पाहिजे, नाहीतर घंटा वाजतच राहील. पुसण्याचे काम कोलिनेस्टरेज हे विकर करते. त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो रेणू फोडतो. ऑर्गनोफॉस्फेट या विकराला जाऊन चिकटते आणि त्याचे हातच बांधते. घंटा वाजत राहते. अळी थरथरते, वळवळते, मरते.

हे विकर सशातही आहे आणि आपल्यातही. उलट आपला तोटा जास्त. कीटकांत ॲसिटाइलकोलीन मुख्यतः मेंदू आणि चेतारज्जूपुरते चालते. स्नायूंना निरोप द्यायला ते दुसरेच रसायन वापरतात. सशात आणि माणसात मात्र स्नायू, ग्रंथी, आतडी, श्वासनलिका आणि हृदय या सर्वांचा कारभार याच रसायनावर आहे. त्यामुळे विष भिनलेल्या माणसाच्या डोळ्यांतून, नाकातून, तोंडातून पाणी येते, दरदरून घाम सुटतो, उलट्या-जुलाब होतात, छाती कफाने भरते, नाडी मंदावते, अंगावर स्नायू फडफडतात आणि डोळ्याची बाहुली मोहरीएवढी होते. ‘डोयासमोर अंधारी आली’ असे रुग्ण सांगतो तेव्हा आम्ही पहिल्यांदा टॉर्च मारून बाहुली बघतो.

एकच विष, एकच लक्ष्य. तरी वर्षानुवर्षे मारा करून पतंग टिकला कसा?

मादी पतंग आठवडा-दोन आठवड्यांच्या आयुष्यात हजारभर अंडी सुटी सुटी घालते. अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास सव्वा ते दीड महिन्यात संपतो आणि आपल्या हवेत वर्षाला सात-आठ पिढ्या होतात. ससीण एका वेळी एक ते चार पिल्ले देते. ती जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात, कारण बीळच नसल्याने आंधळे राहून चालत नाही. माणसाची पिढी पंचवीस वर्षांची.

हिशेब असा. हजार अळ्यांत एखादीच्या शरीरात विष फोडणारे विकर जन्मतः जरा जास्त असते. फवारणीत बाकीच्या मेल्या की शेत तिचे. तिच्या पोरांत तो गुण उतरतो, पुढच्या फवारणीत पुन्हा निवड होते. सिंथेटिक पायरेथ्रॉइड ही नवी औषधे १९८० च्या दशकात आली तेव्हा ती रामबाण वाटली होती. १९८७ साली आंध्र प्रदेशातल्या कापूस पट्ट्यात ती याच अळीपुढे निकामी ठरली. तेव्हापासून आजवर पतंगाच्या अडीचशेहून अधिक पिढ्या झाल्या. शेतकऱ्याच्या दीड. आजोबांचे शरीर जसे होते तसेच नातवाचे आहे. पतंगाचे मात्र तेच राहिलेले नाही. सशाच्या बाजूलाही हा वेग नाही.

इथे एक गंमत सांगतो, अर्थात कडू. अळीत विष फोडणाऱ्या विकरांचा एक मोठा गट सायटोक्रोम पी-४५० नावाचा. हा गट आपल्या यकृतातही आहे. आपण घेतो त्या बहुतेक गोळ्यांची विल्हेवाट तोच लावतो. पण क्लोरपायरीफॉस समोर आले की यकृतातला हाच गट त्याचे रूपांतर आधी ‘ऑक्सॉन’ नावाच्या कितीतरी जहाल पदार्थात करतो. म्हणजे बाटलीतले विष आपण शरीरात आणखी कडक करून घेतो. काही जणांना फवारणीनंतर लगेच काही होत नाही आणि घरी जेवायला बसल्यावर त्रास सुरू होतो, त्याचे एक कारण हे.

याच्या उलट उदाहरण पाळीव सशाचे. तो रानसशाचा लांबचा भाऊ, वेगळी जात. काही पाळीव सशांच्या रक्तात ॲट्रोपिन फोडणारे विकर असते, त्यामुळे ते ॲट्रोपिन असलेला पाला पचवू शकतात. आपल्या धुऱ्यावरच्या धोतऱ्यातही ॲट्रोपिन असते. माणूस धोतरा खाल्ला तर भ्रमिष्ट होतो. आणि हेच ॲट्रोपिन ऑर्गनोफॉस्फेटच्या विषबाधेवर आमचे पहिले इंजेक्शन. छाती कोरडी होऊन नाडी वर येईपर्यंत ते पुन्हा पुन्हा द्यावे लागते.

विष आत जाते कुठून, हाही तुलनेचाच विषय आहे. अळीच्या अंगावर मेणचट कवच असते. ती विष अंगावरून घेते आणि पानाबरोबर खातेही. ससा फवारलेल्या पिकातून जातो, मग बसून केस चाटतो. केसांवरचे विष तोंडात जाते. माणसाला वाटते, आपण तर काही खाल्ले नाही. पण त्वचा ही बंद भिंत नाही. पॅराथिऑन या ऑर्गनोफॉस्फेटवर अमेरिकेत १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापात बाहूवरून सुमारे ९ टक्के, कपाळावरून ३६ टक्के, काखेतून ६४ टक्के आणि जांघेतल्या वृषणाच्या त्वचेतून जवळजवळ सगळे विष आत गेल्याचे दिसले. आता पाठीवरचा गळका पंप डोळ्यांसमोर आणा. गळती पाठीवरून उतरते आणि कमरेखाली विजार भिजते. भिजलेला कपडा संध्याकाळपर्यंत अंगावर. मधल्या सुट्टीत त्याच हाताने खर्रा. सशाचे चाटणे आणि आपला खर्रा यात मला तरी फरक दिसत नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, शेकडो रुग्णालयांत आली. अकोला-अमरावतीतही रुग्ण होते. सरकारने अमरावती विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा खाली न पडता चेहऱ्यावर येत होता. दोन-तीन औषधे एकत्र कालवली जात होती. गेलेल्यांत दुसऱ्याच्या शेतावर रोजाने फवारणी करणारे मजूर बरेच होते. मालकाच्या वर्षाला चार फवारण्या होतात, रोजाने जाणाऱ्याच्या महिन्यात वीस. कोलिनेस्टरेज पुन्हा भरून यायला आठवडे लागतात. रोज थोडे थोडे बांधले गेले की एखाद्या दिवशी लहानसा डोसही पुरतो.

आणखी एक गोष्ट मला कायम खटकते. आपण या द्रवाला ‘औषध’ म्हणतो. ‘औषध मारलं’, ‘औषध लागलं’. लेबलवरचा त्रिकोण लाल असो वा पिवळा, तोंडात शब्द औषध. दवाखान्यात रुग्णाचा भाऊ म्हणतो, ‘औषध लागलं साहेब,’ आणि नवख्या डॉक्टरला वाटते गोळीची ॲलर्जी आली.

पतंगाला विषाने हरवणे अवघड, हे एव्हाना लक्षात आले असेल. त्याला हरवायचे तर जिथे तो सशापेक्षा आणि आपल्यापेक्षा वेगळा आहे तिथे घाव घालावा. तो वेगळा आहे तो वासात. नर पतंग मादीचा गंध अंधारात दुरून ओळखतो. कामगंध सापळा हाच गंध वापरतो आणि सशाला किंवा आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. सापळ्यात सलग दोन-तीन दिवस आठ-दहा पतंग पडू लागले की अळी येणार हे कळते. फवारणी करायची की नाही ते यावर ठरवावे, शेजाऱ्याने केली म्हणून नव्हे. तो वेगळा आहे तो आतड्यात. एच.ए.एन.पी.व्ही. हा विषाणू याच अळीसाठी. सोड्यासारख्या रसात त्याचे कवच विरघळते, अळी आजारी पडते, झाडाच्या शेंड्यावर जाऊन उलटी लटकते आणि मरते. ससा किंवा माणूस त्याने आजारी पडत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी हा विषाणू मरतो, म्हणून तो संध्याकाळी फवारायचा. निंबोळी अर्क पाच टक्के आणि पक्ष्यांना बसायला शेतात उभे केलेले पक्षीथांबे यांची शिफारस कृषी विद्यापीठे वर्षानुवर्षे करत आली आहेत. एक अळी तीस-चाळीस घाटे फोडते. अर्धे अंग आत, अर्धे बाहेर अशी ती बसलेली असते, आणि साळुंकीला ते बरोबर दिसते.

हरभऱ्याची स्वतःचीही एक तजवीज आहे. पहाटे पानांवर येते ती आंब. मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लाची. यातले ऑक्झॅलिक आम्ल लहान अळीची वाढ खुंटवते. जुन्या बायका धोतराच्या फडक्यावर आंब गोळा करून पोटदुखीवर देत. आज फवारलेल्या शेतातली आंब मात्र कोणी गोळा करू नये, आणि त्याच शेतातले घाटे सोलून पोरांना ओले खायला देऊ नये.

सशाबद्दल एक सांगायचे राहिले. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार रानसशाची शिकार गुन्हा आहे. फवारलेल्या शेतात गळाठून पडलेला ससा ‘आयता सापडला’ म्हणून घरी नेणाऱ्याने कायदा तर मोडलाच, शिवाय जनावर कशाने पडले हे न कळता ते चुलीवर चढवले.

रासायनिक फवारणी करावीच लागली तर पंप गळका नको, वाऱ्याकडे तोंड नको, दोन औषधे मनाने कालवू नयेत आणि काम संपताच साबणाने अंघोळ करून कपडे वेगळे धुवावेत. गरगरणे, घाम, मळमळ, अंधुक दिसणे यांपैकी काही सुरू झाले तर ‘ऊन लागलं’ म्हणून झाडाखाली झोपवून ठेवू नका. कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा, उलटी करवू नका, १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत आणा. रिकामी असली तरी आणा. त्यावरचे नाव वाचून आमचा निम्मा वेळ वाचतो.

रुग्ण दुसऱ्या दिवशी उठून बसतो, चहा मागतो आणि नातेवाईक सुट्टी मागतात. शेतात काम पडलेले असते, हे आम्हालाही कळते. पण विषबाधेनंतर एक ते चार दिवसांच्या आत काही जणांचे स्नायू नव्याने ढिले पडतात आणि श्वास बंद पडण्याची वेळ येते. हे अचानक होत नाही. त्याआधी मान लुळी पडते. म्हणून आम्ही राउंडला त्याला पाठीवर झोपवून डोके उशीवरून उचलायला सांगतो. रात्री जवळ बसणाऱ्यानेही दर दोन-तीन तासांनी एवढेच करून घ्यावे, आणि डोके उचलले जात नसेल तर सकाळची वाट न पाहता सिस्टरला उठवावे.